चुकून चढलेली: गावाकडचा नशेचा विनोदी प्रसंग कसा लिहावा

शाळेच्या स्नेहसंमेलनातली एकांकिका असो, दिवाळी अंकातली कथा असो की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं रात्रभराचं नाटक, दारुड्या आला की टाळ्या पडणारच असं लिहिणारा धरून चालतो. पडतातही. पण तो दारुड्या मुद्दाम पिऊन आलेला असतो, आणि हे त्यालाही ठाऊक असतं नि पाहणाऱ्यालाही. चुकून चढलेल्या माणसाचं गणित वेगळं. अख्ख्या मंडपाला काहीतरी बिनसल्याचं दिसतं, तो मात्र आपण ठणठणीत आहोत हे सिद्ध करायला जिवाचं रान करतो. हसू येतं ते त्या धडपडीचं. लिहिताना हे विसरलं की उरतात फक्त उचक्या आणि झोकांड्या.

माणूस आधी, पेला नंतर

ज्याला गमावण्यासारखं काहीतरी आहे असा माणूस घ्या. माळकरी, उत्सवाचा खजिनदार, मुलीकडचा बाप, पहिल्यांदा सोयऱ्यांकडे आलेली विहीण, गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. सरपंच तितकासा कामाचा नाही. तो उद्या सगळं हसण्यावारी नेतो. माळकऱ्याला तसं नेता येत नाही.

मग एका कागदावर तीन ओळी लिहा. हा माणूस चारचौघांत काय दिसू देणार नाही? दिवसातून दहादा काय करतो? त्याच्या तोंडी सतत कोणता शब्द असतो? नशेनं स्वभाव बदलत नाही, पेन्सिलीसारखं त्याला टोक निघतं. काटेकोर माणूस आणखी काटेकोर होतो, चौकशी करणारा जास्तच चौकशी करतो, मान देणारा खांबालाही "या जी, बसा जी" म्हणतो. लाजरा गुरुजी एकदम टेबलावर नाचू लागला हे दृश्य अर्धा मिनिट चालतं. पुढं काय, ते लेखकालाही माहीत नसतं. हजेरी घेण्याची सवय असलेला गुरुजी पंगतीतल्या पाहुण्यांची हजेरी घेऊ लागला तर तीन पानं आरामात निघतात, कारण प्रत्येक पाहुणा वेगळं उत्तर देणार आणि एकजण गैरहजर निघणार.

कशानं चढली, हे आधी पक्कं करा

बहुतेक प्रसंग इथंच फसतात. लेखक भांग पाजतो आणि माणूस दारू प्यायल्यासारखा वागवतो. गावाकडचा वाचक हे दुसऱ्या ओळीला पकडतो.

भांग पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत माणूस साफ असतो, मग ती चढते, दोन-चार तास भर असतो आणि सहा-आठ तास पुरते, कधी त्याहून जास्त. डोळे लाल होतात, तोंडाला कोरड पडते, भूक लागते, वेळ लांबल्यासारखी वाटते, मन एकाच गोष्टीत रुतून बसतं, विनाकारण हसू फुटतं आणि काहींना भीती वाटते. जीभ दारूसारखी जड होत नाही. वाक्य नीट सुरू होतं, मधेच धागा सुटतो. आणि लेखकाच्या सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तोंडाला दारूचा वास येत नाही. वास घेणाऱ्याला काही सापडत नाही आणि संशय दुसरीकडेच फिरू लागतो.

भांगेतला नशेचा भाग पाण्यात नीट उतरत नाही, दुधा-तुपात उतरतो. म्हणून ती थंडाईत घालतात. वाटलेला पाला जड असतो, तो तळाशी बसतो. ढवळलं नाही तर वरचे ग्लास पातळ आणि शेवटचा ग्लास जालीम. सगळ्यांना वाढून झाल्यावर "मले काय, उरलंसुरलं" म्हणणाऱ्या सज्जनाच्या वाट्याला गाळ येतो. यापेक्षा सरळ कारण शोधून सापडायचं नाही. अर्ध्या तासात काहीच झालं नाही म्हणून आणखी एक ग्लास घेणं हा दुसरा नेहमीचा घोळ. दोन्ही ग्लास मग एकदमच चढतात. महाराष्ट्रात विनापरवाना भांग बाळगणं दारूबंदी कायद्यात बसतं. त्यामुळं ती कोणी आणली हे एका ओळीत तरी सांगून ठेवा, नाहीतर पोलीस पाटील पुढच्या रांगेत बसलेला असताना कोणी विचारलं कसं नाही, हा प्रश्न लोंबकळत राहतो.

दारू रिकाम्या पोटी दहा-पंधरा मिनिटांत जाणवते आणि अर्ध्या ते दीड तासात भर येतो. वास लगेच येतो, म्हणून "चुकून" हे पटवायला जास्त मेहनत लागते. सरबतात देशी मिसळली नि कोणाला कळलंच नाही, हे कोणी मानत नाही. चाळीसेक टक्क्यांची गोष्ट घशाला लागतेच. त्यापेक्षा आसव घ्या. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारख्या औषधांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेली दारू असते, बहुधा पाच ते बारा टक्क्यांच्या दरम्यान, आणि बाटलीवर तसं छापलेलं असतं. मात्रा जेवणानंतर १५ ते ३० मिली, तेवढंच पाणी घालून. आता अशक्तपणासाठी नातवानं आणून दिलेली ४५० मिलीची बाटली आजीनं "गोड लागते माय" म्हणत दुपारभरात संपवली तर? आठ टक्के धरले तर ३६ मिली निव्वळ दारू पोटात गेली, म्हणजे देशीचे ३० मिलीचे तीन पेग. पन्नास किलोच्या, कधी थेंबही न घेतलेल्या आजीला तेवढी पुष्कळ झाली. ती औषधच प्यायली आहे, त्यामुळं तिला बोलायलाही तोंड नाही. हे पात्र विहीण असेल तर सोन्याहून पिवळं.

खर्रा म्हणजे विदर्भाची खास सोय. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला. ज्याला "सादी सुपारी" म्हणून कोणी खर्रा दिला त्याला दोन-पाच मिनिटांत उचकी, घाम, तोंडात पाणी, गरगर आणि मळमळ. अर्ध्या तासात उतरतं. नुसती सुपारीही लागते: एकदम घाम, छातीत धडधड, घसा आवळल्यासारखा, आणि थोड्याच वेळात सगळं निवळतं. ही दोन्ही अर्ध्या पानाची गंमत. त्यांच्यावर अख्खा अंक उभा करू नका. पण मुख्य घोळाच्या आधी वाचकाला चुकीच्या वाटेनं न्यायला ती उत्तम.

मोहफुलाबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. मार्च-एप्रिलमध्ये रात्री आणि पहाटे गळणारं ताजं मोहफूल साखरेनं भरलेलं असतं, त्यात दारू नसते. मोहाच्या पुऱ्या किंवा भाकर खाऊन कोणी झिंगत नाही. फुलं पाण्यात भिजून काही दिवस आंबली की सडवा तयार होतो आणि तो भट्टीवर चढवून वाफ थंड केली की दारू उतरते. पहिल्या धारेची सगळ्यात कडक, पुढं पाणीदार होत जाते. तेव्हा माणसाला मोहफूल खाऊन चढवू नका. सडव्याच्या मडक्यात तोंड घातलेल्या कोंबड्या किंवा बकरी चढवा. भट्टीचा चोथा उकिरड्यावर टाकला की असं होतं, आणि घरमालकाला ते कोणाला सांगताही येत नाही. कोंबडा भर दुपारी बांग देतो, शेजारी विचारतो, मालक म्हणतो, "उन्हाचं होते तसं." एवढं पुरतं.

काही गोष्टींच्या वाटेला जाऊ नका. धोतऱ्यानं माणूस भ्रमिष्ट होतो, मरूही शकतो. त्यात गंमत नाही. बुरशी लागलेल्या कोदो या भरड धान्यानंही नशेसारखं होतं, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले तेव्हा तपासात कोदोतल्या विषाचंच नाव पुढं आलं. विषारी दारूनं, म्हणजे मिथेनॉलनं, डोळे जातात. "डोळ्यापुढं अंधारी आली" हे वाक्य विनोदी प्रसंगात टाकण्याआधी आपल्या गावात ते कोणाच्या घरी खरं झालंय का, याचा विचार करा.

गंज, म्हणजे पातेलं, कसा बदलला

अपघात खरा वाटायला हवा, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नको. कोणी मुद्दाम पाजलं की प्रसंग गुन्ह्याचा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ मध्ये अपाय करण्याच्या हेतूनं नशेची वस्तू खाऊ-पिऊ घालण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पाजणारा टवाळ दिसला की वाचक बळी पडलेल्याच्या बाजूनं चिडतो. चिडलेला वाचक हसत नाही.

एक जुळवाजुळव मांडतो. महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. देवळामागच्या खोलीत दोन सारखे स्टीलचे गंज, दोन्हींवर ताटल्या. एकात साधी थंडाई, एकात पोट्ट्यांनी रात्री भांग घातलेली. ओळख पटावी म्हणून भांगेच्या ताटलीवर एकानं बेलाचं पान ठेवलं. सकाळी बकरी आली आणि पान खाऊन गेली. झालं. रात्रभरात पोट्ट्यांनी वरची वरची संपवली, तळाशी दीड-दोन लिटर गाळ. बापूराव खजिनदारांचा काल कडक उपवास होता, पारणं सोडायचं आहे, म्हणजे पोट दीड दिवस रिकामं. साडेनऊला एक ग्लास. गोड लागली म्हणून पावणेदहाला दुसरा. दहाला मंडपात उत्सवाचा हिशेब वाचायचा.

यात किती गोष्टी आपसूक बसल्या ते मोजा: खूण होती, ती गेली, घालवणारा जीव निष्पाप, भुकेचं कारण धार्मिक, मात्रा जास्त असण्याचं कारण भांड्याच्या तळाशी. आणि प्रेक्षकानं बकरी पान खाताना डोळ्यांनी पाहिली आहे. हे शेवटचं सोडू नका. गंज बदलल्याचं प्रेक्षकाला उशिरा सांगून आश्चर्याचा धक्का द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. तो धक्का एकदाच बसतो. आधी सांगितलं की बापूराव ग्लास तोंडाला लावतात तिथून पुढचा प्रत्येक क्षण हसण्याचा होतो, अगदी ते नुसते चष्मा पुसत असले तरी.

घड्याळ लावून लिहा

वहीच्या समासात वेळ लिहा. ९.३० पहिला, ९.४५ दुसरा, १०.०० सभा सुरू, १०.१५ बापूराव एकदम ठीक, नेहमीपेक्षाही ठीक. १०.४० पहिली चीर. ११.०० रुतणं. ११.२० उपचार. प्रसंग रंगमंचावर आठ-दहा मिनिटांचा असला तरी ही वेळ हातात हवी, कारण मधला अर्धा तास अध्यक्षांचं भाषण, हारतुरे, माईकची खरखर यांनी भरावा लागतो. लाऊडस्पीकरवाला "हॅलो, चेक" म्हणत असताना प्रेक्षक बापूरावांकडे बघत बसतो. फुकटचं हसू.

आता हाच प्रसंग आधी वाईट लिहून पाहू.

बापूराव झुलत झुलत उठले. "मी... हिक्... हिशेब वाचतो... हिक्..." म्हणता म्हणता ते धाडकन खाली पडले. सगळे पोट धरून हसले.

उचकी भांगेची नाही. पडल्यावर पुढं करायला काही राहिलं नाही. आणि "सगळे हसले" लिहून लेखकानं वाचकाचं काम स्वतः उरकून घेतलं. आता दुसरा खर्डा.

बापूराव उठले. चष्मा पुसला. डोळ्यावर लावला, काढला, पुन्हा पुसला.

"मंडप, तीन हजार दोनशे. लाऊडस्पीकर, अठराशे. साबुदाणा, वीस किलो." ते थांबले. "वीस किलो म्हणजे बम साबुदाना झाला, नाई?"

"पुढचं वाचा, बापूराव."

"वाचतो. एकूण जमा एकोणतीस हजार चारशे चाळीस. एकूण खर्च अठ्ठावीस हजार नऊशे तेहतीस. शिल्लक पाचशे सात. डब्यात रोख, पाचशे." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. "सदर सात रुपये कुठं आहेत?"

"असतीन कुठीतरी. सात रुपयानं काय होते?" अध्यक्ष म्हणाले.

बापूरावांनी या प्रश्नाचा विचार केला. बराच वेळ केला. मंडपात पंखा फिरत होता, त्याचं एक पातं त्यांनी नजरेनं धरलं होतं आणि ते सुटू नये म्हणून मानही सोबत फिरत होती.

"सहा रुपयानं जे होत नाही," ते म्हणाले, "ते सातानं होते."

मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर आहे."

"बापूराव, तुमी बसा बरं थोडसे."

"मी बसलोच आहो." ते उभे होते.

अध्यक्षांनी पुतण्याला खुणावलं, "जाय बे, तोंडाचा वास घेऊन ये." पोट्टा गेला, वहीत डोकावल्यासारखं केलं आणि परत आला.

"कशाचा येते?"

"विलायचीचा."

यातली बोली बघा. बापूराव हिशेब वाचतात तेव्हा कागदी मराठी बोलतात, "सदर", "एकूण", "रोख". पहिली चीर पडते ती "बम साबुदाना"मध्ये, बम म्हणजे खूप. मग "सदर" पुन्हा येतो, कारण त्यांनी स्वतःला सावरलं. मग "सातानं होते". असा एक पाय पुढं, एक मागं. पुढच्या पानावर "मला"चं "मले" होईल, "का"चं "काहून" होईल, आणि कोणी बघतंय असं वाटलं की एखादा "सदर" पुन्हा डोकं काढील. शिकलेल्या माणसाची नशा विदर्भात अशी ऐकू येते. जीभ जड दाखवायला अक्षरं तोडून टिंबं टाकायची गरज नाही. उलट टोकाला, अडाणी गडी प्यायल्यावर इंग्रजी फाडतो ही चाल इतकी वापरून झिजली आहे की आता तिला हात न लावलेला बरा. आणि बोली गावाप्रमाणं ठेवा. अकोला-अमरावतीकडची वऱ्हाडी आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली यांची एकाच तोंडात खिचडी केली तर तिथला माणूस हसेल, पण तुम्हाला.

आकडे खरे जुळवा. वरच्या हिशेबात वजाबाकी बरोबर आहे, मुद्दाम. वाचणाऱ्यांत एकजण तरी मनातल्या मनात वजाबाकी करतो, आणि त्याला उत्तर चुकलेलं दिसलं तर बापूरावांच्या सात रुपयांचं वजनच जातं. बापूराव सगळ्यांपेक्षा बरोबर आहेत आणि तरी हुकलेले आहेत. गंमत तिथं आहे.

चुकीचं निदान, चुकीचा इलाज

वासानं काही कळलं नाही की गाव निदान करू लागतं. इथं हात सैल सोडा. बायको म्हणते, "यायचा उपास होता जी, पित्त चढलं." बायको नवऱ्याची बाजू सावरतेय, हे शब्दांआधी तिच्या पदराच्या हालचालीत दिसू द्या. एकजण म्हणतो बीपी. म्हातारी म्हणते बाहेरचं आहे. दर निदानासोबत एक इलाज येतो: ताक, लिंबू, चिंचेचा कोळ, कोणी तुरीच्या डाळीचं पाणी. आंबटानं भांग उतरते ही समजूत गावोगाव आहे. खरं तर वेळ गेल्याशिवाय ती उतरत नाही. पण इथं तर भांग आहे हेच कोणाला माहीत नाही, म्हणून प्रत्येकाचा इलाज वेगळ्याच रोगावरचा.

इलाज तीनच ठेवा. पहिला बापूराव मुकाट घेतात. दुसऱ्याची किंमत विचारून खर्चात लिहितात: "लिंबू, नग एक, पाच रुपये." तिसरा येतो तो बायकोकडून, मायेनं: "यायले काहीतरी थंडं पाजा, पोटात आग पडली असन." पोट्टा धावत जातो आणि मागच्या खोलीतून थंडाईचा ग्लास आणतो. त्याच गंजातला. प्रेक्षक ओरडायच्या बेतात असतो, आणि झाडीपट्टीत तो खरंच ओरडतो. बरोबर अध्यक्षही उन्हानं कावलेले असतात. "एक मलेही आन," ते म्हणतात. अध्यक्षांना चढायला तास लागेल, म्हणजे ती गोष्ट प्रसंगाबाहेर घडेल. ती दाखवू नका.

एकच विनोद किती वेळा वापरायचा? तीनदा, आणि तिसऱ्यांदा बदलून. "सात रुपये" हे बापूराव दोनदा म्हणतात. तिसऱ्यांदा दुसऱ्याच कोणाला तरी तो प्रश्न छळू लागला पाहिजे. पोलीस पाटील गंभीर चेहऱ्यानं सतरंजी उचलून बघतोय, असं.

अंगानं कसं करायचं

कथा लिहिणाऱ्यानं हा भाग वरवर वाचला तरी चालेल, नाटकवाल्यानं नाही. दारू चढलेला नट डुलत बसला की तो दारुड्याची नक्कल करतो. खरा प्यायलेला सरळ चालायचा प्रयत्न करतो: पावलं थोडी फाकवून, वळताना नुसती मान न वळवता अख्खं अंग वळवून, बसण्याआधी खुर्ची हातानं चाचपून. खांब जरा आधीच धरतो, म्हणजे गरज पडण्याच्या दोन पावलं आधी. नजर आवाजापेक्षा क्षणभर उशिरा पोचते. भांगेच्या माणसाचा तोल बराचसा शाबूत असतो, त्याची गती मंदावते आणि हात अधूनमधून जिथल्या तिथं राहतो. जीभ ओठांवरून फिरते, पाणी मागतो, ग्लास हातात येतो आणि प्यायचं राहून जातं.

झाडीपट्टीचा खेळ उघड्या मैदानात हजारांच्या गर्दीपुढं होतो. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामाबद्दल. तिथं पापणी लवल्याचं मागच्या रांगेला दिसत नाही. वही मोठी घ्या, जमाखर्चाची लाल कापडी. बेलाचं पान त्रिदळच दिसलं पाहिजे, म्हणजे पुठ्ठ्याचं मोठं केलं तरी हरकत नाही. बकरी खरी आणू नका. ती पान न खाता वही खाते.

दारूबंदी, गाव आणि साल

विदर्भात कथा कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या साली घडते हे ठरवल्याशिवाय दारूचं दुकान लिहू नका. वर्धा हा गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा, तिथं दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे २०१८ सालच्या चंद्रपूरच्या गावात बापूराव "दुकानातून" पव्वा आणू शकत नाहीत, २०२३ मध्ये आणू शकतात. पव्वा १८० मिली, निप ९०. बंदीच्या जिल्ह्यात चुकून चढलेल्या माणसाची अडचण दुप्पट असते, कारण "कुठून आणली?" हा प्रश्न "का प्याला?"च्या आधी येतो आणि खरं उत्तर, "मी प्यालोच नाही," हेच गावातला प्रत्येक पिणारा देतो. हा पेच बंदी नसलेल्या बुलढाण्यात मिळणार नाही.

कुठं थांबायचं

चढलेल्याला गाडी चालवायला लावू नका, विहिरीच्या काठावर नेऊ नका. लेकरू आणि गरोदर बाई यांना या खेळात घेऊ नका. उठवूनही उठत नाही, श्वास घरघरतोय, पालथ्या तोंडानं ओकतोय, हे आलं की विनोद तिथंच संपला. पात्रांना त्याला कुशीवर वळवायला आणि १०८ ला फोन लावायला सांगा आणि प्रकरण वेगळ्या सुरात लिहा. बायकोला मारणारा प्यायलेला नवराही या जातीत मोडत नाही, तो कितीही विनोदी बोलला तरी.

शेवट झोपेनं करण्याची सवय सोडा. बापूराव घोरू लागले आणि पडदा पडला, यात लेखक थकल्याचं तेवढं कळतं. गंज बदलल्याचा उलगडा सगळ्यांसमोर करून कोणीतरी दोन शब्द उपदेशाचे बोलतो, हे त्याहून वाईट. आधी पेरलेलं उचला. बेलाचं पान ठेवणारा पोट्टा घाबरून मंडपाच्या कडेला मित्राला सांगतोय, "अबे, बकरीनं खाल्लं ना ते!" बापूरावांच्या कानावर एवढंच पडतं. चेहरा उजळतो. हिशेब लागला. ते बसतात, टोपण काढतात आणि सावकाश, वळणदार अक्षरात वहीत लिहितात. काय लिहिलं ते तेव्हा दाखवू नका. पुढच्या शिवरात्रीला नवा खजिनदार जुनी वही उघडून मागील बाकी मोठ्यानं वाचतो:

"बकरीकडून येणे, रुपये सात."

आणि सगळं मंडळ गंभीरपणे एकमेकांकडं बघतं, कारण बकरी पोळ्यालाच विकली.